तिसऱ्या शंखाची भोकं

संशोधन केंद्र, उत्तर ध्रुवाजवळचा समुद्रकाठ
२० ऑक्टोबर २०२४

मामा,

लांबूनच पाया पडते. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि इथे मोबाईल लावायला बंदी आहे, तेव्हा आपलं हेच बरं. नेहमीप्रमाणे मी मेल करते, तुझ्या गणपतीच्या कारखान्यातली मनस्वी तो कागदावर छापून तुला देईल. तू हातानं लिही, ती फोटो काढून मला पाठवील.

तुझ्याकडे काम आहे. जानेवारीत रोह्याच्या कॉलेजात प्रदर्शन आहे आणि मला बोलावलंय. दोन वर्षांपूर्वी तिथेच जवळ, बाबांच्या गावात मी भाषण केलं होतं, आठवतं? पडद्यावर चित्रं दाखवली, आलेख दाखवले. चहा येईपर्यंत सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "बाय, ही गोगलगाय खातात काय?" तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. मुंबईला, दिल्लीला, इथेसुद्धा, मी सहा वर्षं तेच सांगतेय आणि लोक तशाच माना हलवतायत.

म्हणून ह्यावेळी पडदा नको. आपल्या माणसांना हात लावून बघता येईल अशी वस्तू हवी, आणि ती तूच करू शकतोस.

ऐक. इथल्या थंड समुद्रात एक गोगलगाय असते, मसुराच्या दाण्याएवढी. पाठीवर काचेसारखा शंख. जमिनीवरची गोगलगाय ज्या पायावर सरपटते, त्या पायाचे हिला दोन पंख झालेत. ते हलवत ती पाण्यात उडते. खरंच उडते, म्हणून तिला समुद्री फुलपाखरू म्हणतात. मासे, पक्षी, देवमासे, कितीतरी जणांचं पोट हिच्यावर चालतं. आता गाड्यांचा, कारखान्यांचा जो धूर हवेत जातो, त्यातला बराचसा समुद्र पितो, आणि त्यानं पाणी आंबटाकडे झुकत चाललंय. जिभेला कळणार नाही इतकंच. पण हिचा शंख चुन्याचा, आणि आंबटापुढे चुना टिकत नाही. थंड पाणी जास्त पितं, म्हणून हिच्यावर ते आधी आलंय.

मला कलिंगडाएवढे तीन शंख करून दे. पहिला धडधाकट, नितळ. दुसरा धुरकट, चरे पडलेला. तिसऱ्याला भोकं. नीट आरपार भोकं, मामा. फोटो सोबत आहेत. शेवटचा हात मात्र मामीचा पाहिजे. तुटलेली बोटं, सोंडा, कान जोडून जोडून तिची बोटं जशी तयार झालीत, तशी कुणाचीच नाहीत. ती चरे काढेल तर ते खरे वाटतील.

आणि खरं सांगून टाकते. मार्चमध्ये माझा करार संपतोय. पुढच्या तीन वर्षांचं साहेबांनी विचारलंय, मी हो म्हटलेलं नाही. रोह्याच्या लोकांना तिसरा शंख बघून जरा जरी काही वाटलं, तर हो म्हणेन. नाहीतर बस झालं. मी दमलेय.

तुझी
सुरभी

*

रामवाडी, पेण
२९ ऑक्टोबर २०२४

सुरभे,

आशीर्वाद हायेतच, ते काय दरवेळी कागदावर काढायचे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा कारखान्यातल्या आदेशला वाचायला लावलं, म्हणजे तो बोंबलला नि मी ऐकलं. आजपर्यंत ह्या हातातून उंदीर गेले, मोर गेले, नाग नि हत्ती गेले. उडती गोगलगाय पहिलीच. आदेश म्हणतो, काका, ही कुठल्या देवाचं वाहन? मी म्हटलं, आमच्या भाचीचं.

करतो. फायबरमध्ये करतो, पातळ ओतलं की उजेड आरपार जातो. साचा मातीचा घातलाय. वळसे उजवीकडे घेतले होते, मग तुझा फोटो बघितला तर तुझी बया डावीकडे वळलेली. सगळी माती पुन्हा मळली. आधी सांगायला काय झालं होतं?

खरं म्हणजे अंगात त्राण नाय. गणपती जाऊन दीड महिना झाला तरी कंबर सरळ होत नाय. ह्या वर्षी लय जड गेलं. प्लास्टर चालेल का शाडूच घ्यायचा, शेवटपर्यंत कुणी धड सांगेना. पोरं कामाला येतात नि चार दिवसांनी कंपनीत शिफ्ट लागली म्हणून जातात. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

एक विचारायचं होतं. पहिला शंख ओतला, पंखबिंख लावले, नि मी दुपारी जरा पडलो तेवढ्यात आदेशनं त्याला डोळे आखले. असे लांबट, पापणीसकट, बघणाऱ्याकडे बघतील असे. मी म्हटलं, अरे बाबा, हिला डोळे हायेत का? तर म्हणतो, बिनडोळ्याचं आपल्या दारातून कधी काय बाहेर गेलंय का? मलापण पटलं. तरी तू कळव.

तिसऱ्याचं बघतो. भोकं पाडायची म्हणजे हात चालत नाय गो. आमच्याकडे नख उडालं तरी मूर्ती बाजूला काढतात, आधी जोडायची नि मगच द्यायची. तुझ्यासाठी पाडतो.

मामी बरी हाय. कारखान्यात कमी येते, घरातच असते. दिवाळीचं करायला घेतलंय म्हणून तिला खाली दोन ओळी लिहायला जमलं नाय. काळजी करू नको.

पुंडलिक मामा

*

संशोधन केंद्र
१० नोव्हेंबर २०२४

मामा,

डोळे पूस! आदेशला सांग, ह्या बाईला डोळे असून नसल्यासारखे, उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ. पण त्यानं काढलेल्या डोळ्यांचा फोटो मी माझ्या टेबलावर लावलाय. इथले सगळे येऊन बघून जातात. गेल्या महिनाभरात मी हसले ती तेवढीच.

इथे सूर्य गेला. आता फेब्रुवारीपर्यंत दिवसाही दिवे. माझं काम म्हणजे दोन टाक्या. एकीत आजच्या समुद्राचं पाणी, दुसरीत काही वर्षांनी होईल असं वाटतं तेवढं आंबट केलेलं. दुसऱ्या टाकीतल्या शंखांची काच आधी धुरकट होते, मग त्यावर ओरखडे दिसायला लागतात. जिवंतपणी, मामा. आत ती पंख हलवत असते आणि बाहेरून घर झिजत असतं. थकली की पंख मिटते आणि तळाला जाते. मी तळाला गेलेल्या रोज उचलते. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं, असं वाटतं.

मामीचं काय ते खरं सांग. मी इथे आल्यापासून तिच्या दोन ओळी नाहीत असं एकही पत्र तुझ्याकडून आलेलं नाही. दिवाळी दरवर्षी असते आणि दरवर्षी ती लिहिते. गणपतीला आले नाही म्हणून रागावलीय ना? तिला सांग, तेव्हा बोटीची फेरी होती, खरंच सुटका नव्हती. आई गेल्यावर मला जिनं वाढवलं, तिचा राग मला इथे बसून काढता येत नाही. चार शिव्या लिहून पाठव म्हणावं, पण लिही म्हणावं.

सुरभी

*

रामवाडी, पेण
४ डिसेंबर २०२४

सुरभे,

उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो नि कागद फाडला.

मामी रागावलेली नाय. मामी पडली. गणपतीच्या आधी दहा दिवस, कारखान्यात ओली माती सांडलेली, त्याच्यावर पाय गेला. खुबा मोडला. पनवेलला नेली, आत सळई घातली. आता वॉकर घेऊन पलंगापासून पडवीपर्यंत येते, तेपण दम खात. तुला कळवायचं नाय अशी तिनंच शपथ घातली होती. पोरगी तिकडे काळोखात एकटी, तिच्या डोक्याला घोर नको म्हणाली. मी पण गप बसलो. बसायला नको होतं.

डॉक्टर म्हणतो, हाड जोडलं, पण बाकीची हाडंपण चाळणीसारखी झालीत. नुसतं खोकलं तरी मोडतील असं सांगितलं. एवढं तोंडावर सांगायची काय गरज होती, मला कळत नाय. त्या दिवसापासून ती गप झालीय. जी बाई दिवसभर सगळ्यांना ओरडायची, ती भिंतीकडे बघत पडून असते. घर खायला उठतं गो.

आता दुसरं ऐक, नि आधी चिडू नको.

पहिला नि दुसरा शंख तयार हायेत. तिसऱ्याला मी नि आदेशनं भोकं पाडली, तुझ्या फोटोत होती तशीच. शेवटचा हात मामीचा पाहिजे म्हणालीस म्हणून तो रेझिन नि पॉलिश पेपरसकट घरात आणून पडवीतल्या खिडकीत ठेवला. वाटलं, बघेल, जरा मन लागेल. मी नि आदेश रोह्याला कॉलेजचा हॉल बघायला गेलो. संध्याकाळी परत येतो तर पडवीत रेझिनचा वास. मामी पलंगावर घामाघूम, बोटं चिकटलेली, नि शंखावर एक भोक नाय! सगळी बुजवलेली. वरून पॉलिश पेपर मारून अशी गुळगुळीत केलेली की कुठं भोक होतं ते मलाच सापडेना.

मी बोललो तिला. लय बोललो. पोरीचं सगळं काम ह्या भोकांवर, नि तू हे काय करून ठेवलंस म्हणून. ती एवढंच म्हणाली, "मोडकं माझ्या घरातून जात नाय." नि तोंड फिरवलं.

आदेश म्हणतो, काका, ड्रिल मारू, दोन मिनिटांचं काम हाय. पण तो ड्रिल घेऊन पडवीत आला नि तिच्याकडे बघून परत गेला. माझापण हात उचलत नाय. तीन महिन्यांत तिनं उठून केलेलं हे पहिलं काम. आता तूच सांग, तुझं ऐकू का हिचं?

पुंडलिक

*

संशोधन केंद्र
६ डिसेंबर २०२४

मामा,

तीन महिने! मामी तीन महिने अंथरुणात आणि मला म्हणे दिवाळीचं करायला घेतलंय! मी काय पाहुणी आहे? परकी आहे? तुम्ही दोघं मिळून मला काय समजलात?

मी इथे लोकांना ओरडून सांगतेय की जे मोडतंय ते लपवू नका, बघा. आणि माझ्याच घरात हे. आधी मामीचं हाड लपवलं, आता शंखाची भोकं. सगळं गुळगुळीत. तेच तर सगळे करतायत. मग तुम्ही तरी वेगळं काय केलंत?

आदेशला ड्रिल मारायला सांग. भोकं नसतील तर तो शंख रोह्याला नेऊ नकोस. तीन चांगले शंख बघायला लोकांना कशाला बोलवायचं?

डॉक्टरचे कागद मनस्वीकडून पाठव. सगळे.

सुरभी

*

संशोधन केंद्र
९ डिसेंबर २०२४

मामी,

हे पत्र तुला आहे. मामानं आधी वाचू नये.

तीन दिवसांपूर्वी त्याला जे लिहिलं ते रागाच्या भरात लिहिलं. तुझे एक्स-रे आले. मी ते मोठे करून बघितले आणि मग बंद केले. त्यानंतर टाकीपाशी जाऊन नुसती बसून राहिले. तुझ्याजवळ बसता येत नाही म्हणून टाकीपाशी.

तुला एक सांगायचंय, जे मी मामाला कधी लिहिलं नाही, कारण भाषणात ते सांगितलं की लोक लगेच निवांत होतात. ह्या गोगलगाईचा शंख बाहेरून झिजला, त्याला चीर पडली, तर ती गप बसत नाही. आतून चुन्याचा लेप लावते. थरावर थर. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो. बाहेरचा शंख काचेसारखा देखणा, आणि हा लेप जाड, वेडावाकडा, कुठेही कसाही थापलेला. ती आतून थापत राहते आणि बाहेरून पाणी खात राहतं. थापायला ताकद लागते. त्यासाठी तिला जास्त खावं लागतं, आणि ती ताकद मग पोहायला, अंडी घालायला कमी पडत असेल असं आम्हाला वाटतं. किती दिवस पुरेल, ते अजून माहीत नाही.

तू भोकं बुजवलीस हे वाचून मी चिडले. मग टाकीपाशी बसल्यावर वाटलं, ह्या गोगलगाईला सगळ्यात जास्त कुणी ओळखलं असेल तर ते तूच. ड्रिल मारायचं मी मागे घेते. तुला वाटतं तसा शंख जाऊ दे. रोह्याला मी काहीतरी बोलून वेळ मारून नेईन. तेवढी सवय झालीय.

साहेबांना नाही म्हणायचं पत्र आज लिहिलंय. पाठवलं नाही अजून. मी कुणावर रागावून सोडत नाहीये. दमले गो मामी. एकच गोष्ट इतक्या वेळा सांगितली की आता माझी मलाच खोटी वाटायला लागलीय.

विमानाचं तिकीट जानेवारीचं आहे. आधीचं मिळतंय का बघतेय. तोवर उठताना घाई करू नकोस.

तुझी
सुरभी

*

रामवाडी, पेण
१६ डिसेंबर २०२४

सुरभी बाय,

पाठीला उशी लावून लिहिते, अक्षर वाकडं येईल. ह्यांना सांगितलं, माझं पत्र मीच लिहिणार, तुम्ही वाचायचंपण नाय. फुगून बसलेत.

आधी भांडण. मामाला तू असं लिहायला नको होतंस. दोन दिवस धड जेवला नाय. लपवायला मी सांगितलं होतं, बोलायचं तर मला बोल. तुला कळवून काय झालं असतं? तिथून तुला विमान मिळालं नसतं नि नुसती रडत बसली असतीस. तू रडून काय माझा खुबा जुळला असता? तरी पण येते म्हणालीस ते बरं वाटलं. लय बरं वाटलं.

आता शंखाचं. ह्यांना वाटतं, मी हट्टानं केला. हट्ट नव्हता गो. डॉक्टरनं माझा फोटो उजेडासमोर धरला नि सगळ्यांच्या देखत म्हणाला, बघा, हाड राहिलंच नाय, जाळी झालीय. तेव्हापासून तो फोटो डोळ्यांसमोरून हलत नाय. त्या दिवशी उठून पडवीत येऊन बसली तर खिडकीत तुझा तिसरा शंख. सकाळचं ऊन त्याच्या भोकांतून आत येत होतं. मला वाटलं, माझाच फोटो आणून ठेवलाय ह्यांनी. मी घाबरली. कुणाला बोलली नाय, पण तुला सांगते, मी जाम घाबरली. मग काय केलं ते मलापण धड आठवत नाय. आजपर्यंत मोडलेलं समोर आलं की हात जातो, तसा गेला. बुजवून झालं तेव्हा जरा झोप लागली.

तुझं पत्र आलं. ती आतून थापते म्हणून लिहिलंस, ते वाचलं नि कागद छातीवर ठेवून पडून राहिली. शेवटी ती तरते का नाय, ते तू लिहिलं नायस. का नाय लिहिलंस ते कळलं मला. डॉक्टरपण माझ्याबद्दल तसंच बोलतो.

परवा ह्यांना म्हटलं, शंख माझ्या मांडीवर आणून द्या. आदेश ड्रिल घेऊन धावत आला, त्याला हाकलला. कानस घेतली, सळई तापवून घेतली, नि एक एक भोक माझं मी उघडलं. मध्येमध्ये दम खाल्ला. तुझा फोटो समोर ठेवून कडा तशाच केल्या, फाटलेल्या. तू म्हणाली होतीस ना शेवटचा हात माझा पाहिजे, तर हा माझा हात.

एक भोक मात्र उघडं ठेवलं नाय. शंखाच्या तोंडातून हात आत घातला नि आतून लेप थापला. जाड, ओबडधोबड, कसा तरी, ती थापत असेल तसा. घासला नाय, पॉलिश मारलं नाय. माझ्या हातचा सांधा आजपर्यंत कुणाला दिसला नव्हता. हा दारातून आत येणाऱ्याला दिसेल. ह्यांना बघवत नाय, म्हणतात, जरासा घासू का? म्हटलं, हात लावाल तर बघा.

नोकरीचं तू ठरव. मी काय सांगू, मला त्यातलं कळत नाय. पण दमली म्हणालीस ना, मग दमलीसच. दमलेल्या माणसाला उभं करून भाषण करायला लावायचं हे मला पटत नाय. ते साहेबांचं पत्र एवढ्यात पाठवू नको.

रोह्याला मी येणार हाय. डॉक्टर नको म्हणतो, हे नको म्हणतात, दोघांचं ऐकून घेतलं. टेम्पोत पुढे बसेन, आदेश हळू चालवेल. तिसऱ्या शंखाजवळ खुर्ची टाकून बसणार. तुझ्या बाबांच्या गावची माणसं येतील, विचारतील, हे काय हाय? हा सांधा असा का? मी सांगेन त्यांना. माझा वॉकर बाजूलाच असेल, तोपण दाखवेन.

तू लय सांगितलंस. तू माझ्या बाजूला नुसती बस.

सगुणा मामी